सॉफ्टवेअरच्या नावावर खपणारे यंत्रदोष

संगणकावरील एखादा प्रोग्रॅम अचानक बंद पडतो तेव्हा पडद्यावर उमटणारा संदेश दोष कोठे प्रकट झाला एवढेच सांगतो. तो कोठे उत्पन्न झाला हे त्यावरून कळेलच असे नाही. प्रोग्रॅममधील चूक आणि यंत्रातील बिघाड यांची बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखीच असली, तरी पहिली सहसा तीच कृती केल्यावर त्याच ठिकाणी पुन्हा आढळते, तर दुसरा आज एका प्रोग्रॅमला आणि उद्या दुसऱ्याला बाधतो. ही विसंगतीच निदानातील पहिला पुरावा होय, आणि दुरुस्तीच्या घाईत नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष होते.

ज्या मुळशी तालुक्यात हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान आहे, त्याच तालुक्यात ताम्हिणी घाटाकडे अशी गावेही आहेत, जेथे पावसाळाभर हवा दमट असते आणि विजेचा दाब स्थिर राहील याची शाश्वती नसते. या पश्चिम पट्ट्यातील एका लहान कार्यालयाचा संगणक प्रस्तुत लेखकाकडे तपासणीसाठी आला, तेव्हा तो अनेकदा फॉरमॅट करून झाला होता आणि दोषाचे खापर व्हायरसवर फोडून झाले होते. विंडोज नव्याने टाकतानाही फाइल खराब असल्याचा संदेश येई, मात्र दर वेळी निराळ्या टप्प्यावर. म्हणून एकच मोठी फाइल पुन्हा पुन्हा वाचून तिचा चेकसम, म्हणजे फाइलमधील सर्व अंकांवरून गणिताने काढलेली ओळखसंख्या, तपासण्यात आला. तो दर वेळी वेगळा निघाला. फाइलला कोणी हात लावलेला नसताना तिची ओळखसंख्या बदलते, याचा अर्थ डिस्क, केबल, रॅम आणि प्रोसेसर या वाचनमार्गावर कोठेतरी अंक बिघडत आहेत, असाच होतो.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात; तीत खराब सेक्टर किंवा केबलवरील चुका दिसल्या नाहीत, त्यामुळे संशय रॅमवर आला. ‘मेमटेस्ट८६’ हे साधन विंडोज सुरू न करता पेनड्राइव्हवरून चालते, रॅमच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक आकृतिबंध लिहिते आणि तो तसाच परत मिळतो का, हे पाहते. सकाळच्या गारव्यात ही चाचणी निर्दोष पार पडली, आणि येथेच बहुतेक तपासण्या थांबतात. परंतु ती पुढे चालू ठेवल्यावर, कॅबिनेट तापल्यानंतर, एकाच पत्त्यावरील एकच बिट वारंवार चुकीचा येऊ लागला. दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर थर धरतो, म्हणून त्या खोडरबराने पुसण्याची कारागिरांची रीत आहे आणि ती अनेकदा पुरतेही. येथे ती पुरली नाही. मग दोन्ही रॅम एकाच स्लॉटमध्ये आळीपाळीने बसवून पाहिल्या, तेव्हा चूक स्लॉटकडे न राहता एका रॅमबरोबर गेली, आणि दोष निश्चित झाला.

रॅम बदलल्यावरही संगणक अधूनमधून संदेशाविना पुन्हा सुरू होत असे, कारण दोष दोन होते. विंडोजच्या नोंदवहीतील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद संगणक रीतसर बंद न होता थांबला, एवढेच सांगते. म्हणून विजेचा दाब मोजला, तेव्हा भार वाढताच एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठा पेटीची, १२ व्होल्टची वाहिनी ११.४ व्होल्ट या मान्य मर्यादेच्या खाली उतरत होती. पेटी बदलल्यावर हा प्रकार थांबला.

मोठ्या यंत्रणांनाही हेच दोष चकवतात. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रकरणात प्रोसेसरचा एकच गाभा १.१ च्या ५३ व्या घाताचा पूर्णांक १५६ ऐवजी शून्य काढत होता, त्यामुळे फाइलचा आकार शून्य ठरून माहिती गहाळ होत होती, आणि कोठेही त्रुटीचा संदेश उमटत नव्हता. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत २०२४ मध्ये आढळलेल्या दोषाने तर ग्राफिक्स मेमरी अपुरी असल्याचा संदेश दाखवून लोकांना भलत्याच भागाकडे वळवले. बंद पडणारा संगणक निदान तक्रार तरी करतो. चुकीचा अंक मुकाट्याने लिहिणारा संगणक अधिक घातक, हे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

सर्व्हरमध्ये ईसीसी प्रकारची रॅम असते, त्यामुळे एक बिट चुकल्यास तो आपोआप दुरुस्त होतो. घरगुती आणि लहान कार्यालयांच्या संगणकांत ती सहसा नसते. या कार्यालयाच्या दोषकाळातील काही हिशेबी फाइली नंतर उघडल्याच नाहीत, आणि बॅकअपही त्याच संगणकाने घेतलेला असल्यामुळे तोही बिघडलेला निघाला. म्हणून वारंवार कोसळणारा संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी रॅमची चाचणी रात्रभर चालू ठेवावी, आणि दोष सापडेपर्यंत जुना बॅकअप पुसू नये.