समालोचकाची भाकरी

धाराशिवच्या बसस्थानकाजवळ चहाच्या गाड्यावर माजी खेळाडू आणि क्रिकेट समालोचक संजय मांजरेकरांचं नाव निघालं की अजूनही दोन तट पडतात. "बरं झालं काढला, लै शहाणपणा करायचा." दुसऱ्याचा कप ओठापाशीच थांबतो. "पर खोटं काय बोलला त्यो?"

*

हकीकत थोडक्यात. २०१९चा विश्वचषक, इंग्लंड. एकदिवसीय सामन्यात रवींद्र जडेजासारखे 'बिट्स अँड पीसेस' खेळाडू आपल्याला रुचत नाहीत, असं मांजरेकर म्हणाले. त्यापेक्षा एक निखळ फलंदाज, एक निखळ फिरकीपटू घ्यावा. जडेजाने ट्विटरवर सुनावलं की तुमच्या दुप्पट सामने खेळलोय आणि अजून खेळतोय. मग मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात ५९ चेंडूंत ७७ धावा. भारत १८ धावांनी हरला, पण जडेजाने आपल्याला खोटं पाडलं हे मांजरेकरांनी मोकळेपणी मान्य केलं. हिशेब तिथेच मिटायला हवा होता.

*

त्याच नोव्हेंबरात ईडन गार्डन्सवर गुलाबी चेंडूची कसोटी. चेंडू नीट दिसतो का, हे खेळाडूंना विचारायला हवं, असं सहसमालोचक हर्षा भोगले म्हणाले. मांजरेकरांचं उत्तर : विचारायची गरज तुला, आम्ही खेळलोय, आम्हाला अंदाज असतो. म्हणजे जडेजाने त्यांना जे ऐकवलं, तेच त्यांनी भोगलेंना ऐकवलं. 'तू किती खेळलास?' हाच निकष लावायचा तर आमच्या गाड्यावर शुकशुकाट होईल.

*

मार्च २०२०मध्ये क्रिकेट मंडळाच्या समालोचकांच्या यादीतून मांजरेकर गळाले. त्यांनी मंडळाला पत्र लिहून चाकोरीत राहण्याची तयारी दाखवली, तरी त्या वर्षीच्या आयपीएलच्या यादीत नाव आलं नाही. आणि गंमत पाहा, २०१६च्या आयपीएलआधी खुद्द भोगलेंनाही असंच घरी बसवलं होतं. त्याच्या थोडंच आधी अमिताभ बच्चन यांनी भारतीय समालोचकांनी आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं असं ट्विट केलं होतं, धोनीने त्याला दुजोरा दिला होता. हकालपट्टीचा त्याच्याशी संबंध होता का, हे कुणी सांगितलं नाही. भोगलेंनाही कारण कळलं नाही.

*

समालोचकाला काढूच नये असं नाही. २००६मध्ये कोलंबोत दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने झेल घेतला आणि माइक बंद आहे या समजुतीत समालोचक डीन जोन्स त्याला 'टेररिस्ट' म्हणाले. टेन स्पोर्ट्स वाहिनीने त्यांना लगेच काढलं, योग्यच केलं. ते बोलणं आमलाच्या खेळावर नव्हतंच, दाढीवर होतं. जडेजाला संघात घ्यावं की नको, हा सरळसरळ खेळाचा प्रश्न.

*

'काढा त्याला' असा ओरडा आपण करतो आणि माणूस गेला की आपलाच विजय झाला असं वाटतं. पण काढणारा कोण? मंडळच संघ निवडतं आणि मंडळच आपल्या यादीतल्या समालोचकाला पैसे देतं. खाल्ल्या मिठाला जागायचं की डोळ्यांना दिसलं ते बोलायचं, हा पेच त्याच्यापुढे रोजचा. आपल्या रागाने मंडळाचं काम फुकटात होतं.

*

गल्लीतही तेच. जिल्ह्याच्या गावी अनेकदा बातमी देणारा आणि जाहिरात मागणारा माणूस एकच. स्पर्धेच्या आयोजकाकडून अर्ध्या पानाची जाहिरात घ्यायची आणि मैदान खडबडीत होतं हेही छापायचं, हे जमायचं कसं?

*

मग छापलं काय जातं, ते पाहा. धाराशिवची सारिका काळे भारताच्या खो-खो संघाची कर्णधार होती. २०२०मध्ये तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा सत्काराच्या बातम्या, हार, फेटे, सगळं आलं. पण बचावात ती दिशा कशी बदलायची, खांबाजवळ काय करायची, हे वाचायला मिळणं मुश्कील. स्थानिक सामन्याच्या बातमीत तर आधी उद्घाटकांची नावं, मग उपस्थितांची, शेवटी नुसता गुणांचा आकडा. कोण चुकलं, कुणाचा खो उशिरा पडला, हे कुणी लिहीत नाही. त्यामुळे कुणाची नोकरी जात नाही. वाचकांची तक्रारही येत नाही, आणि मला वाटतं ती यायला हवी : 'सामना झाला ना? मग त्याच्याबद्दल लिहा की!'