पहिल्या दिवसाची जयणा

अमेरिकेहून आलेल्या धाकट्या बंधूंना घ्यायला आम्ही नाशिकहून मुंबईस गेलो. विमानतळावरच ते म्हणाले, "दादा, गाडी मी चालवतो, आजच मांगीतुंगी!" नाशिकपर्यंतच सुमारे १७० किलोमीटर, पुढे आणखी सव्वाशे, आणि त्यांच्या देहात अजून रात्रच होती. आईंनी शांतपणे किल्ली माझ्या हाती दिली : "पेंगत गाडी चालवणे ही कसली जयणा?"

कसारा घाट बंधूंनी झोपेतच ओलांडला. वाटेत विल्होळीच्या धर्मचक्र तीर्थी दर्शन, मग घरी विश्रांती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन. दुसऱ्या सकाळी म्हसरूळच्या गजपंथाच्या पायऱ्या ताज्या पावलांनी चढलो. तिसऱ्या दिवशी मांगीतुंगीची १०८ फुटी ऋषभदेव मूर्ती डोळे भरून पाहिली.

वाचकहो, परदेशातून आप्त आल्यास पहिला दिवस असाच राखावा.