अपेक्षित तारीख

तारखेशी आम्हां कारकुनांचे नाते काही निराळेच असते. सामान्य मनुष्य तारखेला भितो. कोर्टाची, हप्त्याची, परीक्षेची तारीख जवळ आली की त्याची झोप उडते. आम्ही मात्र तारखेला पुढे ढकलतो. पदवी पदरात पाडून, स्पर्धा परीक्षेचे दिव्य करून आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो त्याला आता बारा वर्षे होतील. या अवधीत एखादी विद्या आम्ही मनापासून संपादन केली असेल तर ती हीच, की कोणतीही तारीख अखेरची नसते. पत्राला उत्तर आले नाही तर स्मरणपत्र असते, स्मरणपत्रानंतर दुसरे स्मरणपत्र असते, आणि त्यानंतरही काही घडले नाही तर फाइल बदलीवर आलेल्या नव्या साहेबांची वाट पाहते. यात कोणी दुष्ट नसतो. कागद असाच चालतो, इतकेच.

या आमच्या विद्येला २०२२ सालच्या जून महिन्यात जो तडा गेला, त्याची हकीगत सांगण्याचा विचार आहे.

त्या वेळी आम्ही गुवाहाटीस, आरोग्याशी संबंधित अशा एका प्रादेशिक कचेरीत होतो. मे महिन्याच्या मध्यावरच आसामात पुराची पहिली लाट येऊन गेली होती. हाफलाँगकडे डोंगर खचून रेल्वेगाड्या चिखलात आडव्या झाल्याची छायाचित्रे वाचकांनी तेव्हा पाहिली असतील. पाऊस तर अजून पुढेच होता. एके दिवशी साहेबांनी आम्हांस बोलावले आणि एक तातडीचे काम सोपविले. खालच्या आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रात गाळाची शेकडो बेटे आहेत. त्यांना तिकडे 'चर' म्हणतात. त्या चरांवरील ज्या स्त्रियांची बाळंतपणे जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत अपेक्षित होती, त्यांची यादी करायची, पाणी चढण्यापूर्वी त्यांना होडीने काठावर आणायचे, रुग्णालयानजीक चार-आठ दिवस ठेवायचे आणि तेथे औषध, रक्त व दाई यांची तजवीज झाली आहे की नाही हे रोज पाहायचे. डॉक्टर आपले काम करणार होते, आशाताई त्यांचे. आमच्याकडे आला तो समन्वय. ज्याच्यापाशी होडी नाही, औषध नाही, वैद्यकाचे ज्ञान नाही, परंतु दूरध्वनी आहे, त्याने या वस्तू ज्यांच्यापाशी आहेत त्यांना एकमेकांची आठवण करून देत राहणे, याला सरकारी भाषेत समन्वय म्हणतात.

काम तातडीचे का होते, हे आकड्यांनीच सांगितलेले बरे. २०१८–२० या काळात आपल्या देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत. केरळात १९, महाराष्ट्रात ३३ आणि आसामात १९५. साऱ्या राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा. तो प्रसिद्ध झाला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, परंतु आकडा छापून येण्याची वाट मृत्यू पाहत नाही, आणि आमच्या साहेबांना तो अंदाजाने ठाऊक होताच. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरला नाही, तर सकाळी भात कांडणारी धडधाकट बाई दोन तासांत जाऊ शकते. तो आवरण्याचे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन स्वस्त आहे, पण ते २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात ठेवावे लागते, आणि चरावर वीज नाही की बर्फ नाही. उरतात त्या मिसोप्रोस्टॉलच्या तीन गोळ्या. त्यांना थंडावा लागत नाही, परंतु त्यांच्यावर सारा भार टाकून निर्धास्त बसावे अशाही त्या नव्हेत.

यादी हाती आली तेव्हा पहिली अडचण उभी राहिली ती तारखांची. बाळंतपणाची अपेक्षित तारीख काढण्याची रीत अशी, की शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवायचे. एवढे गणित कारकुनास सहज जमते. परंतु तो पहिला दिवस कोणी सांगावा? चरावरच्या घरात दिनदर्शिका नसते. एका बेटावरच्या आशाताईंना आम्ही दूरध्वनीवर छेडले; तिकडे त्यांना आदराने 'बाइदेउ' म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. त्या म्हणाल्या, "दादा, ही सांगते, गेल्या साली पाणी ओसरले आणि ताग धुऊन वाळत घातला होता, तेव्हा." आम्ही क्षणभर गप्प झालो. ताग वाळतो तो सप्टेंबरात. सप्टेंबरात नऊ महिने मिळविले की जून उजाडतो. एका पुराचे पाणी उतरताना जो जीव पोटी राहतो, त्याची जन्मवेळ पुढच्या पुराच्या ऐन भरात येते! यादीच्या त्या रकान्यात आम्ही '२० जून' असे लिहिले. यादीतील तिचा क्रमांक ६३ होता.

दुसरी अडचण अशी, की बायका येण्यास तयार होईनात. बकऱ्या कोण पाहील? धाकटी दोन मुले कोठे ठेवायची? नवरा विटभट्टीवर, सासू एकटी. आमच्या वरिष्ठांना हा निव्वळ अडाणीपणा वाटला. आम्हांला मात्र आमचेच घर आठवले. आमची मुलगी झाली तेव्हा सातव्या महिन्यातच सौभाग्यवती साताऱ्यास माहेरी गेली होती आणि गुवाहाटीच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत आम्ही एका तारखेभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढून ठेवले होते. बाईने बाळंतपणाला कोठे जावे, याचे उत्तर आपल्या लोकांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात महाराष्ट्र सरकारने अशाच खोल्या उभ्या केल्या. बाळंतीण होणारी बाई आपले लहान मूल आणि घरचे एक माणूस घेऊन तेथे काही दिवस आधी येऊन राहते. त्या खोल्यांना नाव दिले 'माहेरघर'. हे आम्ही टिपणात लिहिले. शेजारच्या टेबलावरच्या आसामी सहकाऱ्याने माहेर म्हणजे काय असे विचारले. आम्ही बराच वेळ समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे माकर घर, आईचे घर." आम्ही हो म्हटले, तरी समाधान झाले नाही, माहेरात आईखेरीज आणखी पुष्कळ काही असते. असो. साहेबांनी मुलांना आणि सासवांना सोबत आणण्यास मुभा दिली, आणि त्यानंतर बायका येऊ लागल्या. एक तर दोन बकऱ्यांसह आली. त्या बकऱ्यांचा चारा कोणत्या शीर्षाखाली दाखवावा, हा प्रश्न आमच्या सेवेतील सर्वांत गोड प्रश्न होता.

मराठीत 'नाव' हा शब्द माणसालाही लागतो आणि होडीलाही. आमच्या यादीत नावे होती आणि घाटावर नावा होत्या. एकीची दुसरीशी गाठ घालायची, एवढेच आमचे काम. तिकडच्या यांत्रिक होडीला तिच्या आवाजावरून 'भुटभुटी' म्हणतात. भुटभुटीला डिझेल लागते, डिझेलला मंजुरी लागते, आणि मंजुरीचा कागद आमच्या टेबलावरून जाई.

आता जे सांगायचे ते सरळच सांगतो. १७ जून, शुक्रवार. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास एका घाटावरून पुढील आठवड्याच्या इंधनाची मागणी आली. मागील बिलासोबत होडीच्या फेऱ्यांच्या नोंदवहीची प्रत जोडलेली नव्हती. नियम असा, की ती हवी. आम्ही नियमाला धरून शेरा लिहिला: 'नोंदवहीची प्रत प्राप्त झाल्यावर प्रस्ताव विचारात घेता येईल.' अक्षर सुवाच्य होते. संगणकावरून तो शेरा रवाना केला आणि छत्री उघडून घरी आलो. त्या शेऱ्याखाली जी मागणी होती, तिच्यात शनिवारची एक फेरी क्रमांक ६३ साठी होती, हे आम्हांला ठाऊक होते काय? यादी आमचीच होती. परंतु त्या क्षणी बिल हे बिल होते आणि यादी ही यादी होती. दोन्ही कागद निरनिराळ्या फाइलींत होते.

शनिवारी रात्री पाणी चढले. त्या आठवड्यात राज्यातील पन्नास लाखांहून अधिक माणसे पुराच्या वेढ्यात सापडली. रविवारी पहाटे तिला कळा सुरू झाल्या. अपेक्षित तारखेला एक दिवस अवकाश होता. पण नेमक्या अपेक्षित तारखेस जन्मणारी मुले विसांत एखादेच असते, हे आम्हांला डॉक्टरांनी पूर्वीच बजावून ठेवले होते. घरच्यांनी वल्ह्याची होडी काढली. मुलगी होडीतच जन्मली. बाइदेउंनी तीन गोळ्या दिल्या, पोट चोळले, जे जे करता येण्याजोगे होते ते सर्व केले. काठ गाठेपर्यंत ऊन वर आले होते. रुग्णालयात रक्त होते. ते आम्हीच तीन दिवसांपूर्वी दूरध्वनी करून ठेवविले होते. त्याचा उपयोग झाला नाही.

सोमवारी, २० जूनला, सकाळी बाइदेउंचा दूरध्वनी आला. आवाजात राग नव्हता. "दादा, त्रेसष्ट नंबर यादीतून काढा," एवढेच त्या म्हणाल्या, आणि मग, "मुलगी बरी आहे. दूध पाजायला जाऊबाई आहे."

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन विदुषींनी मातामृत्यूच्या मुळाशी असलेले तीन विलंब दाखवून दिले: घरून निघण्याचा निर्णय घेण्यातला, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातला, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. मातामृत्यूच्या चौकशीचा जो छापील नमुना असतो, त्यातील प्रश्नही याच धोरणाने केलेले आहेत. तो नमुना आमच्याकडे आला तेव्हा आम्ही तो तीनदा वाचला. घरच्यांनी विलंब केला काय? नाही. रुग्णालयाने? नाही. वाहन मिळण्यास? त्यापुढे 'पूरस्थिती' असे लिहून आले होते, आणि ते खोटे नव्हते. शुक्रवारच्या साडेपाच वाजताच्या शेऱ्यासाठी त्यात रकाना नव्हता. आम्ही साहेबांकडे गेलो आणि घडले ते सांगितले. साहेब सज्जन, त्यांनी फाइल मागविली, शेरा वाचला आणि म्हणाले, "नियमाप्रमाणेच आहे." आम्हांला धीर यावा म्हणूनच ते असे बोलले. त्या वाक्याने त्या रात्री आम्हांला झोप येऊ दिली नाही. खुद्द दोषारोपही इतका जड गेला नसता.

त्या मंगळवारी आम्ही एक टिपण लिहिले: पुराच्या मुदतीत प्रत्येक घाटाला इंधनाची आगाऊ रक्कम द्यावी, हिशेब मागाहून घ्यावा. आमच्या सबंध सेवेतील ते सर्वांत लहान टिपण असेल. साहेबांची सही दहा मिनिटांत झाली. तेवढा वेळ शुक्रवारीही होता.

त्यानंतर भुटभुट्या अडल्या नाहीत. जुलैअखेर यादीतील बहुतेक नावांपुढे 'माता व बालक सुखरूप' असा शेरा पडला, आणि तो लिहिताना आमचा हात पूर्वीप्रमाणे सराईतपणे चालत नसे. बेटावरच्या आशाताई अजून अधूनमधून दूरध्वनी करतात. ती मुलगी चालू लागली ते त्यांनी कळविले. पुढे पाणी पाहून ती रडत नाही, उलट हसते, हेही कळविले. आमची बदली झाली, यादी दुसऱ्याच्या हाती गेली. आमच्या भिंतीवर मात्र दरवर्षी नवी दिनदर्शिका लागली की जूनच्या पानावर पेन्सिल थबकते. वर्तुळ १९ भोवती काढावे की २० भोवती, हे आम्हांला अद्याप ठरविता आलेले नाही.

एक सांगायचे राहिले. आम्ही मागितलेली नोंदवहीची प्रत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टपालाने आली. कागद भिजून वाळलेला, कडा तपकिरी. नावाड्याने वळणदार अक्षरात प्रत्येक फेरी लिहिली होती: कोठून निघालो, कोठे पोहोचलो, किती तेल लागले, किती माणसे आणली. १८ जूनपुढे फेरी नव्हती. तेथे लिहिले होते, 'होडी घाटावर. तेल नाही.' आम्ही त्या प्रतीवर आवक क्रमांक टाकला आणि ती फाइलला जोडली.