डेव्हिड यांचा आवाज

'बूट पॉलिश' (१९५४) आमच्या घरी दोनदा आहे: जुनी व्हिडिओ कॅसेट आणि नंतर घेतलेली डीव्हीडी. त्यातले जॉन चाचा, डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आपल्या बेने इस्राएल समाजातले. डीव्हीडीत त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसते. कॅसेटमध्ये सगळं धूसर. आवाजाचं मात्र तसं नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, इस्राएलमधल्या कॅसेटवर ती २५ धावतात, म्हणून आवाज किंचित बारीक होतो. आमच्या डीव्हीडीत खरखर पुसताना आवाजातली ऊबही गेली आहे. आई अजून कॅसेटच लावते. मुलांनो, दोन्ही ऐका. मग ज्यांनी हा सिनेमा मुंबईत थिएटरात पाहिला, त्यांना विचारा. खरा आवाज त्यांच्या कानांत आहे. ते आहेत तोवरच विचारा.