चिंचघाटचा पूल

मुलांनो, थायलंडचा नकाशा समोर घ्या. बँकॉकवर बोट ठेवा आणि पश्चिमेकडे, जरासं वर सरकवा. साधारण सव्वाशे किलोमीटरवर कांचनाबुरी सापडेल. नाव ओळखीचं वाटलं ना? कांचन आणि पुरी, हे शब्द संस्कृतातूनच तिकडे गेलेत! या शहराला लागून 'था मखाम' नावाचं तंबोन आहे. तंबोन म्हणजे काही गावं मिळून केलेला विभाग, आपल्या तालुक्याहून लहान. थाई भाषेत 'था' म्हणजे नदीचा घाट आणि 'मखाम' म्हणजे चिंच. चला, आपण त्याला चिंचघाटच म्हणू!

या चिंचघाटावर एक लोखंडी रेल्वेपूल आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरलं होतं. त्याला रसद समुद्रातून पाठवावी, तर शत्रूच्या पाणबुड्या टपलेल्या. म्हणून १९४२ मध्ये जपाननं डोंगर-जंगलातून ४१५ किलोमीटरची रेल्वे बांधायला घेतली आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये पुरीसुद्धा केली. इतक्या झटपट कशी, ते ऐका. ६० हजारांहून जास्त इंग्रज, डच, ऑस्ट्रेलियन अशा युद्धकैद्यांना कामाला जुंपलं. उपासमार, पटकी, हिवताप, वर मारहाण. त्यांतले १२ हजारांहून अधिक कैदी मेले. जवळजवळ ७ हजारजणांच्या कबरी कांचनाबुरी शहरात ओळीनं आहेत. बहुतेकांवर नाव कोरलेलं.

पण कैद्यांपेक्षा कितीतरी जास्त होते आशियाई मजूर. ब्रह्मी, मलायी, जावातले, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ, म्हणजे आपल्याच देशातून तिकडे पोटासाठी गेलेल्यांची मुलंबाळं. ते किती मेले याची नीट नोंदच कुणी ठेवली नाही. अंदाज ९० हजारांच्या आसपासचा आहे. त्यांच्या नावांच्या ओळी मात्र कुठेच नाहीत. मला तर हे फार खटकतं.

आता नदीची गंमत बघा हं. पूल बांधला तेव्हा या नदीचं नाव होतं मे क्लाँग. पुढे १९५२ मध्ये एका फ्रेंच लेखकानं कादंबरी लिहिली आणि पूल 'क्वाय' नदीवर नेऊन ठेवला. १९५७ मध्ये त्यावर सिनेमा निघाला, तोही चित्रित झाला श्रीलंकेत! मग काय, परदेशी पाहुणे क्वाय नदीचा पत्ता विचारत येऊ लागले. शेवटी १९६० मध्ये नदीच्या या भागाचं नावच 'ख्वे याई' केलं, म्हणजे मोठा फाटा. शहरापाशी तिला 'ख्वे नोई', धाकटा फाटा, मिळतो आणि तिथून पुढे ती पुन्हा मे क्लाँग होते. परदेशी लोक 'ख्वे'चा उच्चार 'क्वाय' करतात, तो थाई कानाला 'म्हैस'सारखा लागतो, बरं का!

या पुलावरून आजही आगगाडी जाते, अगदी हळू. पुलाचं चित्र मिळालं तर नीट पाहा. सगळ्या कमानी गोलसर, मधल्या दोन तेवढ्या सरळ कोनांच्या. १९४५ मध्ये बॉम्ब पडले ते तिथे. आणि या दोन कमानी युद्धानंतर आल्या, त्या जपानमधूनच.