प्रौढांचा कणा आणि जुना एक्स-रे

कण्याचे एक्स-रे वाचणाऱ्यांच्या डोक्यात एक सोपा नियम पक्का बसलेला असतो: हाडांची वाढ संपली की बाक स्थिरावतो. किशोरवयात कारणाशिवाय येणाऱ्या बाकापुरता तो बराचसा खराही आहे. ३० अंशांच्या आतला बाक पुढे फारसा हलत नाही. ५० च्या पलीकडचा वर्षाला अंशभर सरकू शकतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिस-१ असलेल्या माणसाला मात्र हा नियम लावणे मला धोक्याचे वाटते. सुमारे ३,००० जणांत एकाला होणारा हा जनुकीय आजार. निम्म्या रुग्णांच्या घराण्यात तो आधी कुणालाच नसतो. अंगावरचे कॉफीच्या रंगाचे डाग आणि गाठी चारचौघांना दिसतात, कण्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

यातल्या काहींचा बाक साधाच असतो. इतरांत मात्र हाडच मुळात कच्चे असते. मज्जारज्जूभोवतीचे आवरण फुगते आणि नदीने काठ खचवावा तसे मणके आतून पोखरत जाते. चार-सहा मणक्यांतच वळलेला टोकदार बाक, पेन्सिलीसारख्या निमुळत्या फासळ्या, मज्जातंतू बाहेर पडतात ती रुंदावलेली छिद्रे, ही लक्षणे दिसली की अंशांचा आकडा दुय्यम ठरतो. हे पोखरणे विशी-तिशीनंतरही चालू राहू शकते. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहावे, तर फुगलेल्या आवरणात मज्जारज्जूला जागा मिळते आणि कणा बराच वाकेपर्यंत पायांतली ताकद टिकून राहते. शस्त्रक्रिया झालेल्यांचेही तेच: कच्च्या हाडात स्क्रू नीट धरत नाहीत, मणके जुळून येत नाहीत आणि बाक पुन्हा वाढतो.

मग काय, सगळ्यांना दरवर्षी एमआरआयला पाठवायचे? आक्षेप रास्त आहे. बहुतेकांना कण्याचा गंभीर त्रास कधीच होत नाही आणि उगाच केलेली तपासणी खर्चाबरोबर धास्तीही वाढवते. बेळगावहून बंगळुरूच्या निम्हान्स रुग्णालयात यायचे म्हणजे पाचशे किलोमीटर आणि बुडालेली मजुरी. पण नियमित पाहणी म्हणजे एमआरआय नव्हे. वाकवून पाठ बघणे, पायांतली ताकद तपासणे, लघवीची तक्रार विचारणे हे तालुक्याच्या गावीही होते. एमआरआय लागतो तो वरची लक्षणे असलेल्यांना, नवी तक्रार उद्भवलेल्यांना आणि शस्त्रक्रियेआधी. बाक सरकला की नाही, हे मात्र एकट्या चित्रावरून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून लहानपणीचा एक्स-रे रद्दीत घालू नका, दर भेटीला सोबत आणा. आणि पाय जड वाटू लागले किंवा एखादी गाठ दुखू लागली, झपाट्याने वाढू लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.