अर्धा कागद

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. चंद्रपुराहून मूल-सावलीच्या रस्त्यानें मी गडचिरोलीस वहिनींकडे गेलों होतों. वैनगंगा दुथडी भरून वाहत होती. परतीचा मार्ग बंद होण्यापूर्वीं निघावें, अशा विचारांत असतांनाच अमेरिकेंतून सूनबाईचा फोन आला. पुतण्यावर दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया व्हावयाची होती. लहानपणीं त्याला एका औषधानें अपाय झाला होता. त्या वेळचा डॉक्टरांचा कागद रुग्णालयास हवा होता, आणि तोहि फॅक्सनें! तिकडील अनेक दवाखान्यांत ही पद्धत अद्याप टिकून आहे.

दादांच्या वकिलीच्या खोलींतील फॅक्सचें यंत्र वहिनींनीं जपून ठेविलें होतें. तांब्याच्या तारेची जुनी जोडणी मात्र गेली होती. आतां टेलिफोनहि ब्रॉडबँडच्या पेटीलाच जोडलेला. मीं यंत्र त्या पेटीस लाविलें, कागद सरकविला आणि निर्धास्त होऊन उठलों. यंत्राची पावती पाहण्याचेंहि सुचलें नाहीं.

थोड्या वेळानें सूनबाई म्हणाली, "काका, वरचा अर्धाच भाग आला आहे हो. खालीं कांहींच नाहीं."

'पेनिसिलिन देऊं नये' ही ओळ नेमकी तळाशीं होती! तिनें विचारपूस केली नसती, तर तो अर्धा कागदच पुरा समजून फायलींत गेला असता.

फॅक्सची विद्या टेलिफोनहून जुनी. अलेक्झांडर बेन यानें तिचें पेटंट १८४३ सालीं घेतलें. टेलिफोनचें पेटंट १८७६ चें. घरगुती फॅक्सयंत्र कागदावरील काळें-पांढरें सुरांत बदलून तारेवरून धाडतें. ब्रॉडबँडवर मात्र त्या सुरांचे बारीक तुकडे होऊन जातात. बोलतांना एखादा तुकडा हरवला, तरी आपलें मन अर्थ जुळवून घेतें. यंत्रास ती समजूत कोठून असणार? त्याचा धागा तेथेंच तुटतो. यावर १९९८ सालीं 'टी-३८' नांवाची पद्धत ठरली. तींत सुरांऐवजीं चित्राची माहितीच पाठवितात. आमच्या जोडणीवर ती सोय नव्हती. तेव्हां मीं यंत्राचा वेग सेकंदास १४,४०० बिटांवरून ९,६०० वर आणिला आणि कागद पुन्हां धाडला.

या खेपेस यंत्रानें 'पोहोंचला' अशी पावती दिली. पण वहिनींचें समाधान होईना. "भाऊजी, आलेला कागद तिला उलट इकडे पाठवायला सांगा. डोळ्यांनीं पाहीन तेव्हांच खरें."

घंटा वाजली. सातासमुद्रांपलीकडून तोच कागद हळूहळू बाहेर येऊं लागला. वहिनी त्यावर वाकून उभ्या होत्या. शेवटची ओळ उमटली, तशी त्यांनीं तिच्यावर बोट ठेवून ती मोठ्यानें वाचली आणि पदरानें चष्मा पुसला.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. तेव्हांपासून महत्त्वाचा कागद धाडला, कीं मी पलीकडच्या माणसाकडून त्याची शेवटची ओळ वाचवून घेतों. पावती यंत्र देतें; परंतु कागद पुरा पोहोंचला कीं नाहीं, हें माणसानें माणसालाच विचारावें लागतें.